आखणीची गाणी

आमच्या पेणच्या कारखान्यात कुठलं काम चाललंय हे बघायला आत जावं लागत नसे. रस्त्यावरून गाणं ऐकलं की कळायचं. कारखाना म्हणजे भोंगा वाजणारा नव्हे. पेणमध्ये नुसतं कारखाना म्हटलं की तो गणपतीचा. घराच्या पुढच्या दोन खोल्या, मागे पत्र्याचा मांडव, त्यात माझे बाबा, आई, हंगामापुरत्या येणाऱ्या बाया, ओळीने मांडलेल्या मूर्ती आणि एक टेपरेकॉर्डर. त्या टेपरेकॉर्डरला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. कॅसेटी त्यांनी गाणाऱ्यांप्रमाणे लावल्या नव्हत्या, सिनेमांप्रमाणेही नाही. कामाप्रमाणे लावल्या होत्या. मातीची गाणी, घासायची गाणी, रंगाची गाणी आणि आखणीची गाणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम बाबांचं एकट्याचं.

मी स्वभावाने संशयी आहे. रोह्याला सासरी मला पाठीमागे शंकासुर म्हणतात. मला हे ठाऊक आहे, कारण दाराआड उभी राहून मी ते ऐकलंय. भाजीवाल्याने मापात मारलं तर मी भांडते, आणि नाही मारलं तर घरी येऊन पुन्हा वजन करते, की याला आज झालंय तरी काय? असल्या माणसाला जुनी गाणी इतरांसारखी गोड लागत नाहीत. प्रत्येक गाण्याच्या मागे कुणीतरी काहीतरी लपवतंय असं मला वाटत आलंय.

मातीची गाणी जलद असायची. कोळीगीतं, बाल्या नाचाची गाणी, ढोलकीवर पाय आपोआप हलावेत अशी. शाडूची माती मळायला दंडात जोर लागतो. गाणं थांबलं की हात थांबत, म्हणून बाबा एक कॅसेट संपायच्या आत दुसरी तयार ठेवत. मला परकरात असतानाच वाटलं होतं की ही गाणी करमणुकीसाठी नाहीतच, माणसांकडून काम काढून घ्यायचा हा डाव आहे. आईला मी तसं सांगून टाकलं. आई मातीत कोपरापर्यंत बुडालेली. म्हणाली, "मग काय झालं गो? नाचून पण झालं आन् माती पण मळून झाली." आजही वरातीत तसलं गाणं वाजलं की सगळे नाचतात आणि माझे दंड दुखायला लागतात.

घासायची गाणी सगळी रडकी. साच्यातून निघालेली मूर्ती सुकली की तिच्यावर पॉलिश पेपर फिरवायचा, खाचाखोचा साफ करायच्या. पांढरा धुरळा उडतो आणि केस, भुवया, सगळं पिठात बुडवल्यासारखं होतं. त्या कामाला बाबा ताटातुटीची गाणी लावायचे. कुणी कुणाला सोडून गेलंय, कुणी वाट बघतंय. त्यातलं एक लागलं की आई पदराने डोळे पुसायची. दरवेळी तेच गाणं, दरवेळी तोच पदर. मी बाबांवर पाळत ठेवली. त्यांना कुणी दुसरी आवडत होती आणि आईला ते माहीत आहे, अशी माझी खात्रीच झाली. शाळेतून आले की मी बाबा कुणाशी बोलतात, कुणाकडे बघून हसतात, हे डोळ्यांत तेल घालून बघायची. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "डोळ्यांत धुरळा जातोय, दुसरं काय?" मग धुरळा त्याच गाण्याला कसा जातो, हे तिने सांगितलं नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला अजून तिचं उत्तर पटलेलं नाही.

रंगाची गाणी हलकीफुलकी, प्रवासाची, वाऱ्याची. मला बघायला रोह्याचे पाहुणे आले तेव्हा मांडवात पीतांबरांना पिवळा लागत होता आणि तसलंच एक गाणं चालू होतं. मुलगा कंपनीत कामाला, शिफ्ट करून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. पण गाणं त्याला अंतऱ्यासकट पाठ. तो हळूच गुणगुणत होता. सगळे म्हणाले, किती रसिक मुलगा आहे! मी म्हटलं, याला ही गाणी कुणी शिकवली? लग्नानंतर मी त्यांना हे विचारलं, एकदा नाही, पुष्कळदा. ते म्हणतात, कंपनीच्या बसमधला ड्रायव्हर रोज तीच कॅसेट लावायचा. मी त्या ड्रायव्हरला अजून बघितलेलं नाही.

पण आखणीच्या गाण्यांवर मी कधी संशय घेतला नाही. ती वेगळी होती. अंगाया, आईवरची गाणी, संथ. आखणी सुरू झाली की मांडवात कुणी चालायचं नाही, कुणी बोलायचं नाही. बाबा मूर्ती उंच पाटावर ठेवून स्वतः खाली बसक्या स्टुलावर बसत. गाण्याची ओळ सुरू झाली की पापणीची रेघ सुरू व्हायची आणि ओळ संपली की रेघ संपायची. मधे श्वास नाही. जलद गाण्याला डोळे काढलेस तर देव भेदरलेला दिसतो, असं ते म्हणायचे. त्यांच्या हातचे डोळे किंचित खाली बघतात. पाटाखाली बसलेल्या लहान पोरापर्यंत नजर पोचली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मी ते पोर होते. त्यांच्या पुढ्यात फतकल घालून बसायची, आणि दुसरी पापणी पुरी झाली की वरून कुणीतरी मला ओळखलंय असं वाटायचं.

लग्न झालं तरी माझ्या घरचा गणपती पेणहून येतो. फूटभराची मूर्ती, आणि डोळे बाबांच्या हातचे. भाऊ कारखाना बघू लागला, ऑर्डरी वाढल्या, मुंबईपर्यंत माल जाऊ लागला, तेव्हाही मी बजावून ठेवलं होतं की बाकीच्या मूर्तींचं काय ते करा, माझ्या गणपतीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला मी मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल सोडला आणि माझं मन चरकलं. डोळे बरोबर नव्हते. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. नजर माझ्यापर्यंत येत नव्हती, वाटेतच कुठेतरी थांबत होती. घरातले म्हणाले, छान आहे की. मी फोटो काढला, माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली बोलून पाठवलं, "हे डोळे बाबांच्या हातचे नाहीत. मला शिकवू नका. माझ्या देवाला परक्याचा हात लावलातच कसा?"

परका म्हणजे कोण, हे न सांगताही सगळ्यांना कळलं. माझी वहिनी धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरावर राबलेल्या घरातली. लग्न करून आली तेव्हा तिला ब्रश कसा धरायचा हेही माहीत नव्हतं. मग शिकली, आणि भराभर शिकली. एवढं भराभर कुणी उगाच शिकत नाही, हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं होतं.

बाबांचा फोन आला. म्हणाले, "व्हय गो, जरा घाई झाली." एवढंच. कुणाची घाई, ते बोलले नाहीत. मी समजले. सुनेला सांभाळून घेतायत.

मागच्या वर्षीचे डोळे मात्र उत्तम आले. पापणी एका रेघेत, नजर खाली. मी स्वतः फोन केला, "आता कसं! हे खरे तुमचे." बाबा म्हणाले, "बरं." लेकीने एवढं कौतुक केल्यावर माणूस नुसतं बरं म्हणेल का? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला त्या दिवसापासून वाटत होतं.

यंदा श्रावणात एका दुपारी मी सहज फोन लावला. सहज म्हणजे चौकशीलाच. मागे गाणं वाजत होतं. मी विचारलं, "काय चाललंय?" बाबा म्हणाले, "आखणी."

मागे हळदीचं गाणं वाजत होतं. ताशा, टाळ्या, बायांचा कल्ला. त्या गाण्याला माती मळता येईल, नाचता येईल, डोळे काढता येणार नाहीत. निदान माझ्या बापाला नाही. मी फोन ठेवला आणि मनात सगळं जुळवून टाकलं. वहिनीने बाबांना बाजूला सारलं, आपली गाणी लावली, ब्रश घेतला, आणि बाबांना खोटं बोलायला बसवलं. भाऊ ऑर्डरींच्या मागे गावोगाव फिरतो, त्याला घरातलं काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी कुणाला न कळवता मी रोह्याहून मेमू गाडी पकडली. नवऱ्यालाही बाजारात जाते म्हणून सांगितलं. कासूला एक बाई अळूच्या जुड्या घेऊन चढली. "पेणला ना गो?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, देव जाणे. आम्ही दोघी पेणलाच उतरलो आणि मी तिच्याकडे न बघता पुढे निघाले.

मागच्या दाराने गेले. चपला बाहेर काढल्या, पावलं वाजू दिली नाहीत. हळदीचं गाणं मांडवाबाहेर ऐकू येत होतं.

वहिनी बाबांच्या जागी बसली होती. तेच बसकं स्टूल, समोर पाटावर मूर्ती, हातात बारीक ब्रश. बाबा भिंतीकडे खुर्चीत होते. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि ते मान डोलावत होते.

"पकडलं!" मी म्हटलं. "मला वाटलंच होतं. बाबांना कोपऱ्यात बसवलंत आणि वर माझ्याशी खोटं बोलायला लावता?"

वहिनी दचकली नाही. "वन्स, जरा थांबा. एवढी पापणी होऊ द्या." ताशाच्या ठेक्यावर तिने रेघ ओढली, ब्रश उचलला, मग माझ्याकडे वळली. बाबांनी गाणं बंद केलं.

"तिला काय बोलू नको," बाबा म्हणाले. "ब्रश मी दिलाय. सावकाश गाणं लावलं की तिचा हात थांबतो. तिच्या माहेरची लावली की चालतो. म्हणून मीच शोधून देतो तिला."

जन्मभर संथ गाण्यांचा नियम सांगणारा माणूस सुनेसाठी हळदीची गाणी शोधत बसला होता. मला ते पटेना. "कधीपासून चाललंय हे?"

"मागल्या सालापासून."

"खोटं. मागच्या वर्षीचे तर तुमचे होते, मी ओळखले. त्याच्या आदल्या वर्षी हिने घाण केली होती."

वहिनीने बाबांकडे बघितलं. बाबा मोबाईलकडे बघत राहिले.

"मागल्या सालचे मी काढले, वन्स," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही ज्या डोळ्यांना नावं ठेवलीत ते बाबांचे होते. तुमचं बोलणं इथं मांडवात सगळ्यांच्या समोर मोबाईलवर वाजलं. बाबांनी परत एकदा लावून ऐकलं. मग ब्रश धुतले आन् मला दिले. बोलले, ती बारकी होती तवापासून माझ्या पुढ्यात बसलेय. ती बोलते माझा हात नाय, तर आता नाय राहिला."

आधी मला राग आला. मग, लाज वाटते सांगायला पण खरं आहे, वाटलं की ही रचून सांगतेय. मी बाबांच्या हाताकडे बघितलं. ते पुन्हा गाणं लावायला बघत होते. बोट एका गाण्यावर नेत आणि लागे त्याच्या खालचं. पुन्हा प्रयत्न करत, पुन्हा दुसरंच. अंगठा थरथरत होता आणि तो थांबवायला त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. बापाच्या हातातला ब्रश मी काढून घेतला होता. वहिनीने नाही, म्हातारपणाने नाही, मी. आणि त्यांनी एका शब्दाने मला खोडून काढलं नव्हतं. सगळ्या जगात माझ्या संशयावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, तो हा.

माझी मूर्ती फळीवर होती. सोंड, शेला, जानवं, सगळं रंगून झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा.

"हिचे तुम्ही काढा," मी म्हटलं.

"नको."

"बाबा, मला तुमच्याच हातचे पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याची मला सवय नव्हती. मी लोकांकडे बघते तसे ते माझ्याकडे बघत होते. "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोललेय?"

हे मात्र त्यांना पटलं असावं. ते उठले. वहिनी स्टुलावरून उतरली, मूर्ती पाटावर आणून ठेवली आणि बाबांच्या कोपराखाली द्यायला एका लाकडी खोक्यावर कापडाची घडी ठेवली. मी मोबाईल घेतला आणि एक अंगाई लावली. खूप जुनी, कॅसेटवर होती तेव्हा मधेच खरखरायची. आता खरखर नव्हती, त्यामुळे वेगळीच वाटत होती.

उजवा डोळा चांगला आला. ओळ आणि रेघ जवळजवळ बरोबर संपली. मी श्वास सोडला. डाव्या डोळ्याची वरची पापणी निम्मी झाली आणि त्यांचा हात हलला. थोडाच, पण रेघ टोकाला सुटली आणि कानाच्या बाजूला वर गेली. बाबांनी तशीच ती पुरी केली, ब्रश खाली ठेवला.

"दिसते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दिसते," ते म्हणाले आणि पाठ टेकायला आत निघून गेले.

मूर्ती मी त्याच दिवशी नेणार होते. आठ दिवस घरात झाकून ठेवायला काही हरकत नसते. रंग सुकेपर्यंत वहिनीने चहा केला. तिला काय म्हणायचं, हे मला सुचत नव्हतं, आणि तिने तर काही म्हणण्यासारखं केलंच नव्हतं. मी रिक्षा बघायला नाक्यावर गेले. बराच वेळ मिळाली नाही. परत आले तेव्हा वहिनीने मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधून ठेवला होता, आपल्याकडे बांधतात तसा, घरी बसवेपर्यंत न सोडायचा.

गाडीत मांडीवर घेऊन बसले. नागोठण्यापर्यंत माझा हात रुमालाच्या गाठीकडे जात होता. सोडली नाही.

चतुर्थीला नवऱ्याने चौरंगावर मूर्ती ठेवली, मी रुमाल सोडला. डाव्या डोळ्याची रेघ सरळ होती. टोकाला जिथे ती वर गेली होती, तिथे अंगाच्या रंगाचा पातळ हात फिरवलेला, आणि त्यावर नवी पापणी, बारीक, एका दमात ओढलेली. दुसऱ्या कुणालाही ते कळलं नसतं. वहिनीला मी काही विचारलं नाही. विचारायला संशय लागतो, आणि मला संशय नव्हताच.

संध्याकाळची आरती झाली आणि बाबांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मोदकांचं, जावयांच्या गुडघ्यांचं. मग मुद्द्यावर आले.

"डावा डोळा कसा दिसतो?"

"छान दिसतो."

"तसं नको सांगू. तू रिक्षाला गेली होतीस तवा मी आत पडून होतो. हिने मागून हात नाय ना फिरवला?"

मी चौरंगासमोरच उभी होते. समईच्या उजेडात डोळा अगदी स्वच्छ दिसत होता, रेघ कुठेही हललेली नव्हती.

"नाय फिरवला," मी म्हटलं. "टोकाला वर गेलेय ना, तशीच हाय. नीट बघितलं की दिसते."

"गेलेय ना वर?"

"व्हय बाबा. चांगली दिसण्याइतकी गेलेय."

पलीकडे त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

"मग माझीच हाय ती," बाबा म्हणाले, आणि पुढल्या वर्षी मूर्ती जराशी मोठी करू का, डोळ्यांना जागा बरी मिळेल, असं विचारू लागले.